दाबलं की वीज: मिठागरासारखे पिकणारे स्फटिक आणि रायगडातले पूल

गॅसचा लायटर तुमच्या घरात असेलच. त्यात ना बॅटरी, ना वायर. अंगठ्याने दाबलं की आतली स्प्रिंग एका छोट्या हातोडीला सोडते, हातोडी एका चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या तुकड्यावर आपटते आणि त्या तुकड्यातून काही हजार व्होल्टची ठिणगी उडते. दाबाने वीज निर्माण होण्याच्या या गुणाला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. मराठीत 'दाबविद्युत' असा छान शब्द आहे, तोच मी जमेल तिथे वापरणार आहे.

आज लिहायचंय ते या कुटुंबातल्या नव्या पदार्थांबद्दल. अर्धा भाग सेंद्रिय, अर्धा भाग धातूचा, आणि त्यातले काही चक्क सेमीकंडक्टर. त्यांना हायब्रिड पदार्थ म्हणतात. हा विषय माझ्यापर्यंत आला तो व्हॉट्सॲपवरून. मी रोह्याचा, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, आणि येणं-जाणं बहुतेक दिवा-रोहा गाडीने. आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता: फलाटावर खास फरशा बसवा, प्रवाशांच्या पावलांनी वीज तयार करा, पेण स्टेशनचे दिवे फुकटात लावा. त्याच ग्रुपमध्ये माझा एक मित्र आहे, तो पुलांच्या तपासणीचं काम करतो. त्याने विचारलं, "दिव्यांचं सोड, पण पुलाखाली लावलेल्या सेन्सरची बॅटरी यामुळे वाचेल का? दर वेळी ती बदलायला माणूस लटकवावा लागतो."

रायगडात हा प्रश्न हौसेचा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट वाहून गेल्या. पूल पडलाय हे मागून येणाऱ्या गाड्यांना कळायला काही मार्गच नव्हता. जुलै २०२१ मध्ये तळिये, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. दोन्ही ठिकाणी डोंगर घरांवर आला. सेन्सर लावला असता तर हे टळलं असतं, असं म्हणणं फार सोपं आहे आणि मी ते म्हणणार नाही. पण दुर्गम जागी, भर पावसात, वर्षानुवर्षं कुणी हात न लावता जागं राहणारं यंत्र आपल्याकडे लागतं, एवढं नक्की.

मीठ दाबलं तर वीज का येत नाही?

१८८० मध्ये जॅक आणि पिअर क्युरी या दोन भावांनी पॅरिसमध्ये दाखवून दिलं की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमतो. त्यांच्या यादीत क्वार्ट्झ होतं, तुरमलीन होतं आणि उसाची साखरही होती. हो, तीच आपली चहातली. तत्त्वतः साखरेचा दाणा दाबला तर त्यात अतिशय किंचित वीज तयार होते. मिठाच्या दाण्यात मात्र होत नाही. का?

मिठाच्या स्फटिकात एका सोडियमवर उभे राहा. उजवीकडे जितक्या अंतरावर क्लोरीन आहे, तितक्याच अंतरावर डावीकडेही आहे. वर-खाली, पुढे-मागे, सगळीकडे तसंच. दाब दिला तर अणू सरकतात, पण जे इकडे सरकलं त्याची बरोबरी तिकडे होते. धन आणि ऋण भारांचे मध्य एकाच जागी राहतात, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. अशा रचनेला केंद्रसममित म्हणतात. दाबविद्युत हवी असेल तर ही सममिती मोडलेली असली पाहिजे. स्फटिकांचे एकूण ३२ वर्ग मानतात. त्यांतल्या २१ वर्गांत असं केंद्र नसतं आणि त्या २१ पैकी २० वर्ग दाबविद्युत दाखवू शकतात.

हे समजायला मला पेणची मदत होते. तिथे माझ्या मामाच्या घराशेजारी गणपतीचा कारखाना आहे. फळीवर एकाच साच्यातल्या पन्नास मूर्ती, सगळ्या डाव्या सोंडेच्या. आता कल्पना करा की या फळीला एक केंद्र आहे आणि त्या केंद्रातून आरपार गेलं की प्रत्येक मूर्तीची उलटी जोडीदार सापडायला हवी. डाव्या सोंडेची उलटी म्हणजे उजव्या सोंडेची. उजव्या सोंडेचा गणपती फळीवर एकही नाही, कारण त्याचं सोवळं कडक म्हणून गिऱ्हाईक कमी. म्हणजे या फळीला असं केंद्र असूच शकत नाही, मूर्ती कशाही मांडा. हेच तत्त्व रसायनशास्त्रज्ञ वापरतात. एकाच 'हाताचे' रेणू घेऊन स्फटिक बनवला, तर त्यात केंद्रसममिती येऊच शकत नाही. ही युक्ती निव्वळ धातूंच्या ऑक्साइडमध्ये वापरणं अवघड, कारण ऑक्सिजनच्या एकट्या अणूला डावं-उजवं काही नसतं. सेंद्रिय रेणूला मात्र आकार असतो. हायब्रिड पदार्थांचं निम्मं आकर्षण इथेच आहे.

भट्टीतला जुना राजा

लायटरमध्ये, अल्ट्रासाउंडच्या प्रोबमध्ये, गाडीच्या रिव्हर्स सेन्सरमध्ये बसलेला पदार्थ म्हणजे लेड झिरकोनेट टायटनेट, थोडक्यात पीझेडटी. १९५० च्या दशकापासून त्याचं राज्य आहे. हजार-बाराशे अंशांच्या भट्टीत भाजलेलं हे सिरॅमिक स्वस्त, भक्कम आणि जोरदार आहे. जोर मोजायचं एकक म्हणजे एका न्यूटन बलाला किती पिकोकूलोम भार मिळतो ते. पीझेडटीच्या निरनिराळ्या जाती साधारण ३०० ते ६०० देतात. क्वार्ट्झ जेमतेम २ च्या आसपास देतं, तरीही मनगटी घड्याळात तेच असतं. कारण तिथे जोर नको, ठेका हवा: सेकंदाला ३२,७६८ कंपनं, म्हणजे २ चा १५ वा घात, १५ वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद. सॉफ्टवेअरवाल्याला हा आकडा बघून नेहमीच बरं वाटतं.

पीझेडटीची अडचण अशी की त्याच्या वजनाचा ६० टक्क्यांहून जास्त भाग शिसं असतो. युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधलं शिसं बंद करणारा नियम २००६ पासून लागू केला. त्या नियमाचं इंग्रजी लघुरूप शेवटचं अक्षर सोडलं तर आमच्या रोह्याचं स्पेलिंगच आहे, त्यामुळे मला ते कधी विसरावं लागत नाही. पण त्या नियमातूनही दाबविद्युत सिरॅमिकला सूट द्यावी लागली, कारण त्याच्या तोडीचं दुसरं काही बाजारात नव्हतं. दुसरी अडचण: ते ठिसूळ आहे. वाकवलं की तडा. कपड्यात, त्वचेवर, किंवा हलणाऱ्या गर्डरच्या वळणावर चिकटवायला ते नाखूश.

हायब्रिड म्हणजे काय, आणि ते मिठागरासारखं कसं पिकतं

पेण तालुक्याच्या खारेपाटात मिठागरं होती, त्यातली बरीच आता बंद झाली. भरतीचं पाणी उथळ वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटू द्यायचं, आणि एका टप्प्याला दाणा धरायला लागतो. हायब्रिड स्फटिक बनवायची पद्धत तत्त्वतः हीच. धातूचा क्षार, उदाहरणार्थ क्लोराइड किंवा ब्रोमाइड, आणि एक सेंद्रिय अमोनियम क्षार पाण्यात, आम्लात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, भांडं झाकून बाजूला ठेवायचं आणि द्रावण हळूहळू आटू द्यायचं. काही दिवसांनी तळाशी स्फटिक. भट्टी नाही. (पीझेडटीच्या हजार अंशांशी तुलना करा.)

आत काय असतं? धातू आणि हॅलोजन यांचा एक सांगाडा, आणि त्याच्या पोकळ्यांत बसलेले सेंद्रिय पाहुणे. दोघांना धरून ठेवतं ते त्यांच्यावरचे विरुद्ध विद्युतभार आणि बारीकसारीक हायड्रोजन बंध. पाहुणा गरम असताना जागच्या जागी गिरक्या घेतो, थंड झाला की एका दिशेला तोंड करून बसतो. सगळे पाहुणे एकाच दिशेला बसले की अख्ख्या स्फटिकाला धन आणि ऋण टोक येतं, आणि बाहेरून विजेचं क्षेत्र लावून ही दिशा फिरवताही येते. अशा पदार्थाला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. चांगले दाबविद्युत पदार्थ बहुतेक वेळा याच गटातून येतात.

या गोष्टीतला मोठा टप्पा म्हणजे २०१७. चीनमधल्या नानजिंगच्या साउथईस्ट विद्यापीठातल्या गटाने 'सायन्स' नियतकालिकात दोन स्फटिक मांडले. त्यांची युक्ती मला फार आवडते. टेट्रामिथाइल अमोनियम नावाचा रेणू जवळपास चेंडूसारखा गोल. गोल पाहुणा कुठेही तोंड करून बसला तरी सारखाच, म्हणून सममिती मोडत नाही. त्यांनी त्यातल्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला. चेंडू तसाच, पण त्याला एक नाक आलं. आता तो कुठल्या दिशेला बघतोय याला अर्थ आला. या पाहुण्याला मँगनीज क्लोराइडच्या सांगाड्यात बसवल्यावर १८५ पिकोकूलोम प्रति न्यूटन मिळाले, कॅडमियम क्लोराइडच्या सांगाड्यात २२०. बेरियम टायटनेट या नावाजलेल्या सिरॅमिकचा आकडा १९० आहे. म्हणजे भांड्यात पिकलेल्या स्फटिकाने भट्टीतल्या सिरॅमिकची बरोबरी केली. २०१९ मध्ये त्याच गटाने कॅडमियमवाल्या स्फटिकातल्या साधारण चौथाई पाहुण्यांचा क्लोरीन काढून फ्लोरीन बसवला. आकडा थेट १५४० च्या घरात गेला, पीझेडटीच्या पुढे.

आपल्या जवळचं काम हवं असेल तर घाट चढून पुण्याला जा. पाषाणजवळच्या आयसर पुणे या संस्थेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. बूमीशंकर यांचा गट गेली बरीच वर्षं अशाच हायब्रिड आणि सेंद्रिय फेरोइलेक्ट्रिक पदार्थांवर काम करतो. त्यांचा भर शिसं टाळण्यावर दिसतो. फॉस्फरस असलेले मोठे सेंद्रिय पाहुणे, सोबत निकेल किंवा बिस्मथसारखे धातू. आणि ते स्फटिकावरच थांबत नाहीत. स्फटिकाची पूड लवचीक पॉलिमरमध्ये मिसळून पातळ पट्ट्या करतात, त्यांवर ठोके देऊन वीज मोजतात. कोलकात्याच्या आयसरने २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलेला सेंद्रिय स्फटिक तर आणखी गमतीचा. तुटल्यावर तुटलेल्या कडांवर जमलेल्या दाबविद्युत भारांमुळेच तो स्वतःला पुन्हा जोडून घेतो.

मग 'सेमीकंडक्टर' कशाला?

इथे बातम्यांमध्ये बराच गोंधळ असतो. हायब्रिड पदार्थांतला सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड. २००९ मध्ये जपानमध्ये तो पहिल्यांदा सौर सेलमध्ये वापरला, तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज या कुटुंबातले सेल २५ टक्क्यांच्या पुढे आहेत. तो खराखुरा सेमीकंडक्टर आहे. साहजिकच लोकांनी विचार केला, हाच दाबूनही बघू. त्याच्यापासून वीज मिळवणारी उपकरणं बनली आहेत, पण त्याचा स्फटिक खोलीच्या तापमानाला खरोखर असममित आहे की नाही यावर शास्त्रज्ञांमध्ये जोरदार वाद झालेले आहेत.

त्याहून मूलभूत अडचण अशी. दाबाने जमलेला भार टिकला तरच उपयोग. सेमीकंडक्टरमध्ये मोकळे भारवाहक फिरत असतात, ते जमलेल्या भाराकडे धावतात आणि त्याला झाकून टाकतात. हंड्यात पाणी भरतोय पण तळाला भोक आहे, तसं. झटकन ठोका मोजायचा असेल तर चालतं, संथ दाब मोजायचा असेल तर हंडा रिकामा होतो. म्हणूनच वर सांगितलेले विक्रमी आकडे ज्यांचे आहेत, ते कॅडमियमवाले स्फटिक व्यवहारात जवळजवळ विद्युतरोधकच आहेत. 'सेमीकंडक्टर' हा शब्द त्यांना फार सैलपणे लावला जातो.

तरी फायदा नाही असं नाही. प्रकाश आणि दाब दोन्हीला प्रतिसाद देणारी एकच पट्टी मिळाली तर दिवसा उन्हातून वीज घ्यायची आणि तीच पट्टी थरथरही सांगेल. शिवाय दाबाने आत तयार झालेलं विद्युतक्षेत्र वापरून त्याच पदार्थातला प्रवाह कमी-जास्त करता येतो. म्हणजे बोटाच्या दाबाने चालणारा ट्रान्झिस्टर. संकल्पना म्हणून मला हे आवडतं. फलाटावर किंवा पुलाखाली पोचायला याला वेळ आहे.

आता हिशोब: पेण स्टेशनचे दिवे

व्हिडिओवाल्या फरशीकडे येऊ. एक साधी पीझेडटी चकती घ्या, क्षमता ४०० पिकोकूलोम प्रति न्यूटन. ६० किलोचा माणूस तिच्यावर सरळ उभा राहिला तर बल सुमारे ६०० न्यूटन. भार आला ०.२४ मायक्रोकूलोम. चकतीची धारकता २० नॅनोफॅरड धरली तर व्होल्टेज १२. बारा व्होल्ट ऐकून बरं वाटतं, पण ऊर्जा? भार आणि व्होल्टेजच्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे साधारण १.४ मायक्रोज्यूल. दहा वॉटचा एलईडी दिवा एक सेकंद पेटायला दहा ज्यूल लागतात. म्हणजे त्या एका सेकंदासाठी सुमारे ७० लाख पावलं.

चकत्यांचे थर लावून, तरफा लावून हे काही हजार पटींनी वाढवता येतं. पण वर एक छत आहे, ते कुठलाही पदार्थ मोडू शकत नाही. फरशी ५ मिलिमीटर दबली तर पावलाने केलेलं काम ६०० गुणिले ०.००५, म्हणजे ३ ज्यूल. सगळंच्या सगळं विजेत बदललं तरी दिवा ०.३ सेकंद पेटेल. आणि ते ३ ज्यूल येतात कुठून? प्रवाशाच्या पायातून. अशा फलाटावर चालणं म्हणजे पुळणीवरून चालणं. जपानच्या जेआर ईस्ट रेल्वेने २००६ नंतर टोकियो स्टेशनात अशा फरशांचे प्रयोग केले होते. त्यानंतर जगभरातली स्टेशनं त्यावर चालू लागलेली नाहीत, आणि याचं कारण या हिशोबात आहे. स्टेशनच्या छपरावर सोलर लावा, विषय संपला.

बातमीत 'पट्टीने २० व्होल्ट दिले' असं वाचलंत तर लायटर आठवा. तो हजारो व्होल्ट देतो, त्यावर फोन चार्ज होत नाही.

पुलाखालचा सेन्सर

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे, कारण तिथे गरजच वेगळी आहे. दूरवर रेडिओ संदेश पाठवणारं छोटं यंत्र एका संदेशाला साधारण ३० मिलिज्यूल खातं असं धरू: १०० मिलिवॉट, ०.३ सेकंद. वरच्या चकतीच्या भाषेत हे २१ हजार दाब झाले. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. त्या मार्गावर मालगाडी पुलावरून जाते तेव्हा डब्यामागून डबा, चाकामागून चाक. दाब भरपूर, पण २१ हजार नाहीत.

इथे हायब्रिड पदार्थांची एक दुर्लक्षित बाजू कामाला येते. मिळणारी ऊर्जा ही दाबविद्युत क्षमतेच्या वर्गाला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने भागून ठरते. पीझेडटीचा हा स्थिरांक हजाराच्या पुढे असतो, रेणूंनी बनलेल्या हायब्रिड पदार्थांचा त्यामानाने फारच कमी. समजा एखाद्या हायब्रिडची क्षमता पीझेडटीच्या निम्मी आणि स्थिरांक विसावा हिस्सा आहे. वर्ग केल्यावर चौथाई, गुणिले वीस, म्हणजे पाचपट ऊर्जा. त्यामुळे केवळ पिकोकूलोमचा आकडा बघून पदार्थ नापास करू नये. शिवाय पॉलिमरमध्ये मिसळलेली पट्टी वाकते, आणि पूल थरथरतो तो सेकंदाला मोजक्याच वेळा, संथपणे. कडक सिरॅमिकला ही लय मानवत नाही, लवचीक पट्टीला मानवते. अर्थात पॉलिमर मिसळला की स्फटिकावर पोचणारा दाबही कमी होतो, त्यामुळे पाचपट हा आकडा कागदावरच ठेवा.

पण खरी अडचण म्हणजे आपला पाऊस. जो पदार्थ पाण्यात विरघळवून बनवता येतो, तो पाण्यात विरघळतोही. याचं जुनं उदाहरण आहे रोशेल मीठ, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट. धातू आणि सेंद्रिय आम्ल मिळून बनलेलं, म्हटलं तर पहिलं हायब्रिड. क्युरी बंधूंच्या यादीत ते होतं. १९२१ मध्ये जोसेफ व्हॅलासेकने फेरोइलेक्ट्रिक गुण पहिल्यांदा शोधला तो त्यातच. एकेकाळी मायक्रोफोन आणि ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये तेच असायचं. मग ओलाव्यात विरघळणारं आणि फार कोरड्या हवेत आतलं पाणी गमावणारं हे मीठ टिकाऊ सिरॅमिक आल्यावर बाजूला पडलं. रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नव्या पट्ट्यांना सिलिकोन रबराचं किंवा तत्सम आवरण देतात. पण प्रयोगशाळेत काही हजार ठोके टिकणं वेगळं आणि सावित्रीच्या पुलाखाली दहा पावसाळे टिकणं वेगळं. आवरण फाटलं तर कॅडमियम किंवा शिसं थेट विरघळून नदीत. सिरॅमिकमधलं शिसं निदान सहज विरघळत तरी नाही. धाटावची एमआयडीसी कुंडलिकेच्या काठी आहे, त्यामुळे रोहेकरांना हा मुद्दा फार समजावून सांगावा लागत नाही. विक्रमी आकडा असला तरी कॅडमियमवाला स्फटिक मी आपल्या पुलाखाली लावू देणार नाही. बिस्मथ किंवा मँगनीजचा कमी आकड्याचा चालेल.

मित्राला मी शेवटी जे सुचवलं ते असं. वीज बनवायला दाबविद्युत वापरूच नकोस, यंत्राला उठवायला वापर. मायक्रोकंट्रोलर झोपलेला असताना २ मायक्रोअँपिअर खातो. नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी २२० मिलिअँपिअर-तासांची असते. भागाकार केला तर १ लाख १० हजार तास, म्हणजे कागदावर साडेबारा वर्षं. बॅटरी संपते ती झोपेमुळे नाही, 'काही घडलं का' हे बघायला दर मिनिटाला उठल्यामुळे. गर्डरला चिकटवलेल्या पट्टीने गाडीच्या थरथरीवर एक व्होल्टचा टिचका दिला की मायक्रोकंट्रोलरला आपोआप जाग येते, आणि त्या टिचक्याला बॅटरीतून काहीच लागत नाही. यंत्र उठतं, कंपनाची नोंद घेतं, नेहमीपेक्षा वेगळं दिसलं तरच संदेश पाठवतं आणि परत झोपतं. संदेशासाठी मोठी बॅटरी आणि तळहाताएवढं सोलर पॅनल आहेच.

यासाठी १५४० ची गरज नाही, ५० सुद्धा पुरेत. आत्ता आम्ही दुकानात मिळणारी पितळी पीझेडटी चकती वापरतोय, सिलिकोन सीलंटमध्ये बुडवलेली. गर्डरवर ती छान बोलते, पण दगडी कमानीच्या ओबडधोबड पृष्ठभागावर नीट बसत नाही. तिथे पॉलिमरची पट्टी हवी. ज्या दिवशी शिसं आणि कॅडमियम दोन्ही नसलेली अशी पट्टी मीटरवर विकत मिळेल, त्या दिवशी पहिला तुकडा मी रोह्याला मागवणार आहे आणि जूनमध्ये आमच्या पडवीच्या पागोळ्यांखाली बांधणार आहे. दसऱ्याला ती जिवंत सापडली तर मग पुलाचं बोलू.